नऊ-एकने काय सिद्ध झालं? पोर्तुगाल, मार्टिनेझ आणि न घेतलेला निर्णय

डावा_विंगर

नोव्हेंबर २०२५मध्ये पोर्तुगालने आर्मेनियाला ९-१ हरवल्यावर इथल्या 'आकडेमोड' यांनी जे लिहिलं त्याला दोन ओळींत उत्तर देणं जमेना, म्हणून वेगळा धागा काढतोय. त्यांचं म्हणणं असं: कोच मार्टिनेझने जूनमध्ये युरोपची नेशन्स लीग जिंकून दिली, युरो २०२४च्या पात्रता फेरीत दहापैकी दहा सामने जिंकले, आता २०२६च्या वर्ल्ड कपचं तिकीटही काढलं. एवढं होऊनही जे नाकं मुरडतात त्यांना म्हणे पोर्तुगालचा खेळ पाहायला लागून जेमतेम चार दिवस झालेत.

मी फिगोच्या काळापासून पाहतोय. आणि माझा राग नेमका त्या ९-१वर आहे.

या संघात कोण कोण आहे ते बघा. ३१ मेला म्युनिकमध्ये पॅरिसच्या पीएसजी क्लबने इंटर मिलानला ५-० लोळवून चॅम्पियन्स लीग घेतली. त्यांच्या मधल्या फळीत व्हिटिन्या आणि जोआव नेव्हिस, डाव्या बगलेला नुनो मेंडिस, बाकावर गोन्सालो रामोस. व्हिटिन्या बलों दोरच्या, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूच्या, मतदानात तिसरा आला. यात ब्रुनो फर्नांडिस, बर्नार्डो सिल्वा, रुबेन डियास, लियाव आणि गोलात डिओगो कोश्ता मिळवा. असा संघ हाताशी असलेले कोच आज जगात तीन-चारच असतील.

आणि या लोकांनी युरो २०२४मध्ये काय केलं? जॉर्जियाकडून ०-२ हार. स्लोव्हेनियाविरुद्ध १२० मिनिटं ०-०, कोश्ताने तीन पेनल्टी अडवल्या म्हणून निभावलं. फ्रान्सविरुद्ध पुन्हा १२० मिनिटं ०-०, आणि पेनल्टीवर बाहेर. शेवटचे तीन सामने मिळून ३३० मिनिटं, गोल एकही नाही. जॉर्जियाविरुद्ध अर्ध्याहून जास्त संघ बदलला होता, कारण गट आधीच जिंकून झाला होता. मग विश्रांती कोणाला द्यायची? ३९ वर्षांच्या माणसाला की नाही? नाही. रोनाल्डो पहिल्या मिनिटापासून मैदानात, विश्रांती विशीतल्या पोरांना.

आता त्या ९-१कडे या. रोनाल्डो त्या सामन्यात नव्हता, कारण तीन दिवस आधी डब्लिनला आयर्लंडविरुद्ध त्याला लाल कार्ड मिळालं होतं. २०२३मध्ये लक्झेंबर्गला ९-० हरवलं तेव्हाही तो नव्हता, कारण पिवळ्या कार्डांमुळे निलंबित होता. दोन्ही वेळा त्याला बाहेर बसवण्याचा निर्णय कार्डाने घेतला. कोचने घेतला नाही.

माझा मुद्दा एवढाच आहे. मार्टिनेझला डावपेच कळत नाहीत असं मी म्हणत नाही. त्याला कोणाला दुखवता येत नाही. बेल्जियममध्ये हेच केलं. २०१८मध्ये तिसरा नंबर, साडेतीन वर्षं फिफा क्रमवारीत पहिले, आणि २०२२च्या कतारमध्ये तेच म्हातारे सेंटर बॅक, रियाल माद्रिदच्या बाकावर गंजलेला एडन हॅझार्ड पहिल्या दोन सामन्यांत कर्णधार म्हणून सुरुवातीला. डी ब्रॉयनाने मुलाखतीत सांगून टाकलं की आमचं वय झालंय. मोरोक्कोकडून ०-२ आणि गटातच गाशा गुंडाळला. एक सोन्यासारखी पिढी या माणसाच्या भिडेखातर संपली. दुसरी संपू नये, म्हणून बोलतोय.

आकडेमोड

माझ्याच नावाने धागा निघालाय तर उत्तर देणं आलं.

मार्टिनेझ आला तेव्हा रोनाल्डोचे देशासाठी ११८ गोल होते. आज १४३ आहेत. तीस सामन्यांत पंचवीस गोल करणारा सेंटर फॉरवर्ड बसवा, असं तुम्ही म्हणताय. कोणत्या देशाचा कोच बसवेल?

दुसरं, तुम्ही जून महिना एका वाक्यात उरकलात. म्युनिकमध्ये जर्मनीला जर्मनीत हरवलं. त्याआधी जर्मनीला हरवलं होतं २००० सालच्या युरोमध्ये, सर्जिओ कॉन्सेसावने तीन गोल केले होते तेव्हा. या वेळी बरोबरीचा गोल त्याच्या मुलाने केला आणि विजयी गोल रोनाल्डोने. चार दिवसांनी युरोपविजेत्या स्पेनशी अंतिम सामना, दोनदा मागे पडून २-२, दुसरा गोल पुन्हा रोनाल्डोचा. पेनल्टीवर कप. लक्झेंबर्ग आणि आर्मेनियाचं सांगता, मग जर्मनी आणि स्पेनचंही सांगा की.

आणि रोनाल्डोला बसवून बघितलंय. २०२२च्या वर्ल्ड कपला तेव्हाचा कोच सान्तोसने बसवला, स्वित्झर्लंडला ६-१ हरवलं, रामोसने हॅट्ट्रिक केली, सगळे नाचले. पुढच्या सामन्यात तोच संघ मोरोक्कोकडून ०-१ हरला. रामोस तेव्हा कुठे होता?

डावा_विंगर

रामोस एकवीस वर्षांचा होता आणि तो त्याचा देशासाठी सुरुवातीपासून खेळलेला दुसरा सामना होता. एका सामन्यात गोल झाला नाही म्हणून त्याला तीन वर्षं बाकावर? मग युरो २०२४मध्ये एकही गोल न केलेल्या माणसाला काय शिक्षा?

जर्मनीच्या सामन्याचं म्हणाल तर त्या दिवशी व्हिटिन्याला सुरुवातीला बसवलं होतं हे विसरू नका. चारच दिवस आधी चॅम्पियन्स लीग जिंकून आलेला, युरोपातला सर्वोत्तम मधल्या फळीतला माणूस. जोआव नेव्हिसला राइट बॅक खेळवला. गोल खाल्ल्यावर व्हिटिन्या आणि कॉन्सेसाव आत आले आणि दहा मिनिटांत सामना फिरला. स्वतःच घातलेली गाठ स्वतः सोडवली, तर त्याला कौतुक किती करायचं?

आकडेमोड

म्हणजे बदल चुकले तर कोच नालायक आणि बदल बरोबर आले तर सुरुवातच चुकली. मग त्याने जिंकायचं कसं, ते एकदा सांगून ठेवा.

पेठेतला_गोलकी

मी कोल्हापूरचा. तुम्ही दोघं कोचवर भांडताय, पण कोचला विचारतंय कोण?

माझ्या उमेदीत मी एका तालमीच्या संघाचा गोलकीपर होतो. आमचा सेंटर फॉरवर्ड म्हणजे पेठेचा देव. शाहू स्टेडियमवर त्यानं बॉल घेतला की पब्लिक उभं राहायचं. पुढं पस्तिशी उलटली, गुडघा बोलायला लागला, दहा यार्डाच्या पुढं पळणं बंद झालं. तरी प्रत्येक फ्री किक त्याची, प्रत्येक पेनल्टी त्याची, आणि पास दिला न्हाई तर पोरास्नी सगळ्यांदेखत शिव्या. पोरं घाबरून बॉल त्यालाच द्यायची. गोलातनं मला सगळं दिसायचं. डावीकडं एक पोरगं रिकामं पळत असायचं आणि बॉल मधी त्याच्याकडंच.

एका कोचनं हिंमत केली आणि सेमीफायनलला त्याला बसवलं. आम्ही जिंकलो. लक्षात घ्या, जिंकलो. तरी त्या रात्री कोचच्या दारात माणसं जमली, आणि पुढच्या हंगामाला कोच नवा.

सान्तोसचं काय झालं? सहा डिसेंबरला रोनाल्डोला बसवला, पंधरा डिसेंबरला नोकरी गेली. मोरोक्कोशी हरल्यामुळं गेली म्हणा, पण मार्टिनेझनं काय धडा घेतला असंल ते मला सांगायची गरज न्हाई. त्याला नोकरी देणाऱ्यांनी देतानाच मनातलं सांगितलं असणार. दोष कमिटीचा हाय. कोच नुसता सही करतोय.

डावा_विंगर

@पेठेतला_गोलकी, किस्सा आवडला. पण तुमच्या त्या कोचने निदान एकदा तरी बसवलं ना? मार्टिनेझकडून मला तेवढंच हवंय. नोकरी जाईल म्हणून निर्णय न घेणारा माणूस कोचच्या खुर्चीत बसतोच कशाला?

मांडवीकाठची

गोव्यातून लिहितेय. आमच्या घरात पप्पा पोर्तुगालचे, काका ब्राझीलचे, आणि वर्ल्ड कपच्या महिन्यात दोघं एका टेबलावर जेवत नाहीत. तेव्हा या विषयावर बोलायचा हक्क मला जन्मतःच मिळालाय.

आधी एक गोष्ट, कारण असल्या धाग्यांवर कोणीतरी ती काढतंच. गोव्यातला माणूस पोर्तुगालला पाठिंबा देतो म्हणजे तो १९६१ विसरला असं नव्हे. कळंगुटला २०२१च्या अखेरीस रोनाल्डोचा पुतळा बसवला तेव्हा काळे झेंडे घेऊन आलेले लोकही गोव्याचेच होते, आणि मला त्यांचंही पटलं होतं. पुतळाच हवा होता तर ब्रुनो कुतिन्योचा बसवायचा होता, समीर नाईकचा बसवायचा होता. ज्यांनी आमच्या मैदानांवर घाम गाळला, त्यांच्या नावाचा साधा चौक नाही.

आता मुद्द्यावर येते. २२ ऑक्टोबरला रोनाल्डोचा क्लब अल नस्र आमच्या एफसी गोवाशी खेळायला फातोर्ड्याला आला. अख्ख्या गोव्यात महिनाभर एकच प्रश्न: तो येणार काय? नाही आला. क्लबने त्याला या दौऱ्यातून वगळलं. आम्ही ब्रिसनचा गोल बघितला, घसा बसेपर्यंत ओरडलो, २-१ हरलो, आणि अभिमानाने घरी आलो. माझं म्हणणं असं की ज्या क्लबचा तो सर्वांत मोठा चेहरा आहे, त्या क्लबलाही कळतं की चाळिशीच्या शरीराला सगळे सामने खेळवायचे नसतात. तिथला कोचही पोर्तुगीजच, जॉर्ज जेझुस. मग हेच देशाच्या कोचला का कळू नये?

आणि २०१६ आठवा. पॅरिसला अंतिम सामना, पंचविसाव्या मिनिटाला रोनाल्डो जायबंदी होऊन रडत बाहेर. पप्पांनी टीव्ही बंद करायला घेतला होता. उरलेले पंचाण्णव मिनिटं बाकीच्यांनी झुंज दिली आणि १०९व्या मिनिटाला एदेरने गोल मारला. त्या एदेरचं नाव आज कोण घेतो?

आकडेमोड

@मांडवीकाठची, २०१६च्या अंतिम सामन्यात रोनाल्डो बाहेर गेल्यावर काय करत होता तेही तुम्हाला आठवत असेल. लंगडत रेषेवर उभा राहून कोचच्या वरताण ओरडत होता. तो 'बाहेर' नव्हता. ड्रेसिंग रूममध्ये त्याचं असणं हेही काहीतरी असतं, आणि ते ३३० मिनिटांच्या हिशेबात धरता येत नाही.

या वर्षीची आणखी एक गोष्ट. जुलैमध्ये डिओगो जोटा गेला. ज्या पोरांनी महिन्याआधी त्याच्यासोबत कप उचलला होता, त्यांनी त्याला खांदा दिला. सप्टेंबरमध्ये तेच संघ म्हणून पुन्हा उभे राहिले. आयर्लंडविरुद्ध लिस्बनला रुबेन नेव्हिस जोटाचा २१ नंबर घालून खेळला आणि नव्वद मिनिटं संपल्यावर त्यानेच हेडरने विजयी गोल केला, देशासाठी त्याचा पहिला. असा संघ बांधून ठेवणं हे कोचचं काम नाही तर कोणाचं? लोकांना न दुखवणं हा तुम्ही अवगुण म्हणून सांगताय. मला तो या वर्षी गुण वाटला.

डावा_विंगर

जोटाबद्दल जे लिहिलंत त्यावर मी वाद घालणार नाही. त्या एका गोष्टीत मार्टिनेझ चांगला माणूस म्हणून दिसला. पण त्याच सामन्यात रोनाल्डोची पेनल्टी आयर्लंडचा गोलकीपर केलेहेरने अडवली होती, आणि म्हणून ते नव्वदाव्या मिनिटापर्यंत लांबलं, हेही त्याच संध्याकाळी घडलं.

लिफीकाठी

मी डब्लिनला असतो. १३ नोव्हेंबरला अविवा स्टेडियममध्ये होतो, पोर्तुगालच्या आक्रमणाच्या गोलामागे बसलो होतो. म्हणून जे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच सांगतो.

पहिल्या पंधरा मिनिटांत चेंडू सगळा पोर्तुगालकडे. पण प्रत्येक वेळी शेवटचा पास कुठे जातो हे माझ्या शेजारच्या बारा वर्षांच्या आयरिश पोरालाही कळत होतं. व्हिटिन्या मान वर करतो, डावीकडे जागा असते, आणि चेंडू पेटीत क्रॉस होऊन रोनाल्डोकडे. दोन-तीन आयरिश बचावपटू त्याच्या अंगावर. आयर्लंडच्या पॅरटचा पहिला गोल कॉर्नरवरून, दुसरा अर्धवेळेच्या तोंडावर. आयर्लंडने चेंडू घेतला की पोर्तुगालच्या पुढच्या फळीतला एक माणूस उभाच. दहा जणांनी प्रेस करायचं, म्हणजे चेंडू हिसकावायला अंगावर धावायचं, आणि अकराव्याभोवतीने आयर्लंडने बाहेर पडायचं, हे पूर्ण तासभर चाललं.

पीएसजीत हीच पोरं वेगळी का दिसतात? कारण तिथे एम्बापे गेल्यावर कोच लुईस एन्रिकेने सगळ्यांना पळायला लावलं. इंटरविरुद्ध डेम्बेले गोलकीपरवर कसा धावत होता आठवा. सगळ्यांत मोठं नाव गेलं आणि पुढच्याच वर्षी त्यांनी चॅम्पियन्स लीग जिंकली.

६१व्या मिनिटाला कोपर मारून तो गेला तेव्हा स्टेडियमने जल्लोष केला. मला मात्र वाईट वाटलं, खरंच. हा माणूस बघायला मी तिकीट काढलं होतं. आपल्याकडे सचिनच्या शंभराव्या शतकासाठी अख्ख्या संघाने वर्षभर वाट पाहिली होती, ते सगळं आठवलं.

शिवाजी_पार्क_कट्टा

फुटबॉलमधलं मला फार कळत नाही, मी वाचत होतो. पण सचिन मध्ये कशाला आणला? काहीही झालं की सचिनवर घसरायचं, ही काय पद्धत आहे?

'अख्ख्या संघाने वाट पाहिली' म्हणजे काय? २०१० साली ग्वाल्हेरला एकदिवसीय सामन्यातलं पहिलं पुरुषांचं द्विशतक कोणी मारलं? २०११च्या वर्ल्ड कपात भारताच्या सर्वाधिक धावा कोणाच्या? ४८२, सचिनच्या. त्याचं नव्व्याण्णवावं शतक नागपूरला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध. तो सामना हरलो म्हणून त्यालाच बोल लावतात. २६७ला एक बाद होते, २९६ला सगळे बाद! उरलेल्या नऊ जणांनी काय दिवे लावले ते कोणी विचारत नाही.

लिफीकाठी

मी सचिनला वाईट म्हटलेलं नाही. मी स्वतः नोव्हेंबर २०११ला वानखेडेवर होतो. रामपॉलने ९४वर बाद केलं तेव्हा पूर्ण स्टेडियम एका क्षणात गप्प झालं आणि लोक उठून चालू लागले. सामना चालू होता, भारत खेळत होता, आणि लोक घरी निघाले. तेव्हा मला पहिल्यांदा जाणवलं की काहीतरी चुकतंय. चूक सचिनची नव्हती. आपली होती.

पेठेतला_गोलकी

खरं हाय. आणि शंभरावं झालं कुठं? मिरपूरला, बांगलादेशाविरुद्ध. १४७ चेंडूंत ११४. तो सामना पण हरलो.

शिवाजी_पार्क_कट्टा

२८९ धावा झाल्या होत्या! बांगलादेशाला २९० करू देणारे गोलंदाज कोण होते? कोल्हापूरकरांनी आपल्या पेठेतल्या मारामाऱ्या बघाव्यात, आम्हाला क्रिकेट शिकवू नये.

पेठेतला_गोलकी

पेठेवर यायचं काम न्हाई. आमच्या मारामाऱ्या आमच्या, पण आमच्या स्टेडियमवर स्थानिक सामन्याला जेवढं पब्लिक येतं तेवढं तुमच्या मुंबईत कुठल्या स्थानिक फुटबॉलला येतं ते सांगा आधी. क्रिकेटच्या बाहेर काही बघितलंय का मुंबईनं?

आणि विषय काढलाच हाय तर ऐका. त्या वर्षांत कसोटी संघासोबत पाण्याच्या बाटल्या घेऊन कोण पळत होतं? अजिंक्य रहाणे. डोंबिवलीहून लोकलनं सरावाला जाणारं पोरगं. तुमचाच मुंबईचा. २०११च्या अखेरीस संघात घेतला आणि पहिली कसोटी मिळाली मार्च २०१३ला. रणजीत धावांचा डोंगर करून बाहेर बसला. म्हाताऱ्या नावांची भीड सगळ्यांना, पोराची कोणाला न्हाई. मला हे रामोसचंच दुसरं रूप दिसतंय.

शिवाजी_पार्क_कट्टा

रहाणेचं मला आजही लागतं. त्याबाबतीत तुमचं म्हणणं खोडता येत नाही. पण त्याला द्रविड, लक्ष्मण, नंतर इतर सगळे आडवे होते, एकट्या सचिनच्या माथी मारू नका. आणि एक फरक लक्षात घ्या. सचिन सगळ्यांदेखत चिडचिड करणाऱ्यांतला नव्हता. तुमच्या त्या रोनाल्डोने क्लब सोडताना काय काय बोलून ठेवलं होतं ते जगाने ऐकलंय.

आकडेमोड

ते क्लबबद्दल होतं, देशाबद्दल नाही. देशासाठी २००३पासून खेळतोय आणि चाळिशीतही बोलावलं की येतोय. आर्मेनिया असो, लक्झेंबर्ग असो. सचिनशी तुलना करायचीच असेल तर ही करा.

मांडवीकाठची

मी पोर्तुगालवर चर्चा वाचायला आले होते आणि इथे मिरपूरची खेळपट्टी तपासणं चाललंय. पण बोलायचंच असेल तर मलाही बोलू द्या. सचिन गेला तो वानखेडेवर, ७४ करून, लोकांनी रडत निरोप दिला. कारण तारीख आधी ठरली होती. बोर्डाने, त्याने, सगळ्यांनी मिळून ठरवली होती. लोकांना तयारी करता आली. पोर्तुगालने ही तारीख कधी ठरवलीच नाही. कतार शेवटचा म्हणाले, मग जर्मनी शेवटचा, आता अमेरिका शेवटचा. यात रोनाल्डोचा दोष मी धरत नाही. खेळाडूला खेळायचंच असतं. 'तू माझा तारणहार आहेस, पण साठ मिनिटांनंतरचा' हे त्याच्या तोंडावर सांगणारा माणूस हवा होता. मार्टिनेझला तीन वर्षं मिळाली होती ते सांगायला.

डावा_विंगर

मला दिवसभर जे मांडता येत नव्हतं ते हेच. धन्यवाद.

आकडेमोड

साठ मिनिटांनंतरचा? जर्मनीविरुद्ध त्याचा गोल ६८व्या मिनिटाला, स्पेनविरुद्ध ६१व्या. तुमच्या योजनेत तो नुकताच मैदानात उतरला असता आणि हे दोन्ही गोल तरीही झाले असते, असं म्हणायचं असेल तर मी एका मर्यादेपर्यंत ऐकून घेईन.

खरं तर एक गोष्ट मी मान्य करतो, उगाच ताणत नाही. स्लोव्हेनिया आणि फ्रान्सविरुद्ध १२०-१२० मिनिटं त्याला मैदानात ठेवणं याचं समर्थन माझ्याकडे नाही. स्लोव्हेनियाचा गोलकीपर ओब्लाकने पेनल्टी अडवल्यावर तो मैदानातच रडत होता, तेव्हा कोचने त्याला बाहेर घ्यायला हवं होतं, त्याच्याच भल्यासाठी. तिथे मार्टिनेझ कमी पडला. पण 'कमी पडला' आणि 'एक पिढी संपवतोय' यात फार अंतर आहे. बेल्जियमचंही तसंच. २०१८ला ब्राझीलला हरवताना लुकाकूला उजव्या बाजूला नेऊन डी ब्रॉयनाला मध्ये सोडला, ती चाल ज्याने रचली तो डरपोक कसा?

डावा_विंगर

ती चाल उत्तम होती. पण त्या चालीत सर्वांत मोठ्या नावाला बसवावं लागलं नव्हतं, मर्टेन्स आणि करास्कोला बसवलं आणि बाकीच्यांच्या जागा बदलल्या. कागदावरचं सगळं त्याला जमतं. पोर्तुगालला दोनदा पेनल्टीपर्यंत नेलं ते बोर्डवरच्या बाणांनी नाही. पाच वर्ल्ड कप खेळून रोनाल्डोचा बाद फेरीत एकही गोल नाही, आठही गोल गटातले. हे मार्टिनेझला माहीत नसेल असं होऊ शकत नाही. माहीत असूनही संघाची यादी लिहिताना तो पहिलं नाव कोणतं लिहितो?

लिफीकाठी

त्या रात्री बाहेर जाताना रोनाल्डो आयर्लंडच्या कोचशी, हालग्रिमसनशी, थांबून बोलला. आपल्या कोचशी काही बोलला का, ते मला दिसलं नाही. मी शोधत होतो.

आकडेमोड

यावरून काय निष्कर्ष काढायचा तो काढा. मी काढणार नाही. आणि त्याची तीन सामन्यांची बंदी झाली त्यातले दोन स्थगित ठेवलेत, एक आर्मेनियाविरुद्ध भोगून झाला. म्हणजे वर्ल्ड कपच्या पहिल्या सामन्यात तो असणार.

पेठेतला_गोलकी

म्हंजे या वेळी कार्ड पण मदतीला येणार न्हाई. कोचलाच ठरवावं लागणार.

डावा_विंगर

आकडेमोड साहेब, एकच विचारतो. वर्ल्ड कपच्या बाद फेरीचा पहिला सामना, तोवर रोनाल्डो गटात एक पेनल्टी सोडून गोलाशिवाय. रामोस ताजातवाना बाकावर. यादी तुम्ही लिहायची. मार्टिनेझने नाही, तुम्ही. कोणाचं नाव लिहाल?

आकडेमोड

रोनाल्डोचं. आणि पंचावन्नाव्या मिनिटाला रामोसला उभा करीन. त्याहून आधी नाही.

डावा_विंगर

पंचावन्न चालेल. मार्टिनेझकडून पंचावन्नही मिळणार नाहीत, आणि माझं भांडण तेवढ्यासाठीच आहे.

शिवाजी_पार्क_कट्टा

तुमचं मिटलं असेल तर रहाणेवर वेगळा धागा काढतो. कोल्हापूरकर, तुम्ही या.

पेठेतला_गोलकी

येतो. पण सचिनच्या त्या १४७ चेंडूंवर मी माघार घेणार न्हाई.